मनीमाऊ निघाली प्रदर्शनाला!

तुमच्या घरी मांजर आहे का? असेल, तर “आमच्या मनीसारखी मांजर साऱ्या आळीत नाही” हे वाक्य तुम्ही कधी ना कधी म्हटलंच असेल. शेजारचा बंडू त्याच्या बोक्याबद्दल अगदी तेच म्हणतो, हा भाग वेगळा! पण समजा, कुणी खरोखरच सगळ्यांची मांजरं एका ओळीत आणून ठेवली आणि म्हणालं, “चला, आता ठरवूच!” तर?

हसू नका. अशी प्रदर्शनं खरंच भरतात, आणि दीडशे वर्षांहून जास्त काळ भरत आली आहेत. त्यांची मोठी सुरुवात झाली लंडनमध्ये. म्हणून आज आपण आधी लंडनला जाऊ, ती जागा पाहू, आणि मग तिथल्या आजच्या एखाद्या प्रदर्शनात शिरू. पहिल्यांदाच आपलं मांजर घेऊन जाणाऱ्याला काय काय करावं लागतं, तेही बघून घेऊ.

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून लोकल पकडायची आणि क्रिस्टल पॅलेस स्टेशनवर उतरायचं. थोडा चढ चढला की मोठं उद्यान लागतं. क्रिस्टल पॅलेस म्हणजे काचेचा महाल. पण महाल शोधू नका, तो आता नाही. 1851 साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये जगभरच्या वस्तूंचं एक अवाढव्य प्रदर्शन भरलं होतं. त्यासाठी लोखंड आणि काच वापरून ही इमारत बांधली होती. प्रदर्शन संपल्यावर ती सुटी करून इथे, सिडनहॅमच्या टेकडीवर आणून पुन्हा उभी केली. 1854 पासून लोक इथे फिरायला, गाणं ऐकायला, कारंजी बघायला येऊ लागले. पुढे 30 नोव्हेंबर 1936 च्या रात्री तिला आग लागली आणि काचेचा महाल जळून गेला. आज दिसतात त्या रुंद दगडी पायऱ्या, लांबच लांब कठडे आणि पायऱ्यांशी बसलेले स्फिंक्स. (खाली तळ्याकाठी डायनोसॉरचे पुतळेही आहेत. त्या काळच्या ज्ञानावर बनवलेले असल्यामुळे इग्वानोडॉनच्या अंगठ्याचं हाड त्याच्या नाकावर शिंगासारखं बसवलेलं आहे! वेळ असेल तर अवश्य बघा.)

या महालात 13 जुलै 1871 रोजी मांजरांचं प्रदर्शन भरलं. भरवणारे होते हॅरिसन वेअर नावाचे चित्रकार. पुस्तकांसाठी आणि नियतकालिकांसाठी प्राण्यापक्ष्यांची चित्रं काढण्यात त्यांचा हातखंडा होता. त्या वेळी मांजर म्हणजे उंदीर मारणारा एक फुकटचा नोकर, एवढीच बहुतेकांची समजूत होती. रस्त्यात दिसलं की दगड मारावा, दारात दिसलं की हाकलावं. कुत्र्यांची प्रदर्शनं तोवर सुरू झाली होती. मांजरांची कोण भरवणार? वेअरसाहेबांना वाटलं, लोकांनी मांजराला एकदा जवळून, निवांतपणे बघितलं तर त्यांचं मत नक्की बदलेल.

प्रदर्शनाच्या दिवशी आगगाडीतून येताना मात्र त्यांच्याच पोटात गोळा आला होता. इतकी मांजरं एका छताखाली! ती भांडली तर? सारखी रडत बसली तर? पण आत येऊन पाहतात तो काय, मांजरं आपापल्या पिंजऱ्यात लाल गाद्यांवर आरामात लवंडलेली. भांडण नाही, आरडाओरड नाही, मधूनच कुणाची तरी घुर्रघुर्र. हे सगळं त्यांनी पुढे 1889 साली लिहिलेल्या मांजरांवरच्या पुस्तकात सांगून ठेवलं आहे. दीडशेहून अधिक मांजरं त्या दिवशी आली होती, आणि बघ्यांची तर झुंबड उडाली होती. सयामी मांजर तर कित्येक लोकांनी तिथेच पहिल्यांदा पाहिलं.

पण सगळीच मांजरं काही खूश नव्हती बरं का! ड्यूक ऑफ सदरलँड यांनी स्कॉटलंडचं एक रानमांजर पाठवलं होतं. ते पेटीतून पिंजऱ्यात जायला मुळीच तयार नव्हतं, आणि त्याला हात लावायची कुणाची छाती होत नव्हती. या रानमांजराला विसरू नका. त्याच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

वेअर यांच्या कल्पनेतली मला सर्वांत आवडते ती गोष्ट म्हणजे, सुरुवातीच्या त्या प्रदर्शनांत कामगारांच्या मांजरांसाठी वेगळा गट असे. म्हणजे हा खेळ फक्त सरदार-उमरावांच्या मखमली मांजरांचा नव्हता. गिरणीतल्या माणसाची, मोलकरणीची चुलीजवळ झोपणारी मांजरसुद्धा तिथे येऊ शकत होती. पुढे 1887 साली ‘नॅशनल कॅट क्लब’ निघाला आणि वेअर त्याचे पहिले अध्यक्ष झाले. पण काही वर्षांतच ते त्यातून बाहेर पडले. का? तर क्लबातल्या पुष्कळ लोकांना मांजरांच्या भल्यापेक्षा बक्षिसांचीच जास्त पडली आहे, असं त्यांना दिसलं. ज्यांनी हे सारं सुरू केलं त्यांनाच असं वाटावं! आपलं मांजर प्रदर्शनात नेणाऱ्याने हे लक्षात ठेवलेलं बरं.

चला, आता आजच्या प्रदर्शनात जाऊ. ब्रिटनमध्ये बहुतेक प्रदर्शनं ‘गव्हर्निंग कौन्सिल ऑफ द कॅट फॅन्सी’ या संस्थेच्या नियमांनी चालतात. ती 1910 साली स्थापन झाली. वेगवेगळे क्लब ही प्रदर्शनं भरवतात, बहुधा शनिवारी, गावातल्या एखाद्या क्रीडासंकुलाच्या हॉलमध्ये. एरवी जिथे बॅडमिंटन चालतं तिथे त्या दिवशी टेबलांच्या लांब रांगा आणि टेबलांवर तारेचे पिंजरे! सकाळी लवकर गेलात तर दाराशी करंड्या घेतलेल्या माणसांची रांग दिसेल, आणि प्रत्येक करंडीतून वेगळ्या सुरातलं “म्यांव”.

तुम्ही म्हणाल, “पण आमची मनी काही पर्शियन नाही. पावसात भिजत दारात आली आणि राहिली. तिला कोण विचारणार?” विचारतात! वंशावळीच्या मांजरांचे गट वेगळे. त्यांच्या प्रत्येक जातीचं कान कसे असावेत, डोळ्यांचा रंग कोणता असावा, शेपूट किती लांब असावी, याचं लेखी माप ठरलेलं असतं. पण त्याखेरीज एक गट असतो ‘हाउसहोल्ड पेट’, म्हणजे सरळ मराठीत घरचं मांजर. या गटाला असं कुठलंही माप नाही. तांबडं, काळं, चट्ट्यापट्ट्यांचं, अर्धं पांढरं अर्धं आणखी कसलं तरी, सगळी चालतात. परीक्षक बघतात ते एवढंच, की मांजर निरोगी आहे का, अंगावरचे केस स्वच्छ आणि चमकदार आहेत का, आणि परक्या माणसाने उचललं तर ते कसं वागतं. आईवडील कोण होते हे कुणीच विचारत नाही.

पहिल्यांदाच जाणाऱ्याने याच गटात जावं. तिथली जुनी-जाणती मंडळीही हेच सांगतात. शिवाय या गटाला स्वतःचे किताबही आहेत. तीन वेगवेगळ्या परीक्षकांकडून तीन प्रमाणपत्रं मिळाली की मांजराला ‘मास्टर कॅट’ म्हणतात. आणि काही गमतीचे वर्गही असतात: सर्वांत सुंदर डोळे, परीक्षकाला घरी न्यावंसं वाटेल असं मांजर, मुलामुलींनी सांभाळलेलं मांजर. हा शेवटचा वर्ग खास तुमच्यासाठीच की!

पण घाई नको. पहिलं प्रदर्शन मनीला न घेता बघायचं. रांगांतून हिंडायचं, मालकांशी बोलायचं. मांजरवाल्या माणसाला त्याच्या मांजराबद्दल एक प्रश्न विचारा, अर्धा तास तुमची सुटका नाही! फक्त दोन गोष्टी पाळायच्या. न विचारता पिंजऱ्यात बोट घालायचं नाही. एकाच्या अंगावरचा रोग बोटावरून दुसऱ्याला जाऊ शकतो, म्हणून ही बंदी. आणि परीक्षक जवळ असताना “ते माझं मांजर” असं मोठ्याने म्हणायचं नाही. का, ते पुढे कळेल.

मग येतो फॉर्म. प्रदर्शनाच्या काही आठवडे आधीच भरून, फी भरून पाठवावा लागतो. आयत्या वेळी दारात जाऊन नाव घालता येत नाही. नियमही आधी वाचायचे. पिल्लू निदान 14 आठवड्यांचं हवं. मांजराला लस टोचलेली हवी आणि तिचा दाखला जवळ हवा. 9 महिन्यांवरचं घरचं मांजर असेल तर त्याची नसबंदी झालेली हवी. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. वाऱ्यावर सोडून दिलेली पिल्लं काय फक्त लंडनलाच असतात?

आता खरी तयारी. ही प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी करायची नसते, दोन-तीन महिने आधी सुरू करायची असते. पहिली तयारी करंडीची. आपण काय करतो? करंडी माळ्यावरून काढतो ती डॉक्टरकडे जायच्या दिवशी. मग मनी ती बघताच पलंगाखाली पसार! त्यापेक्षा करंडी खोलीत कायमची उघडी ठेवून द्या. आत तिची आवडती जुनी चादर घाला. कधी खाऊ आत ठेवा. आठवड्याभरात ती आपण होऊन आत जाऊन झोपायला लागेल. मग दार क्षणभर लावा, उघडा. मग दोन मिनिटं. मग करंडी उचलून गल्लीच्या टोकापर्यंत. मांजराला नवीन गोष्ट हळूहळू, तिच्या कलाने दाखवली तर ती शिकते. ओढून-ताणून काही होत नाही.

दुसरी तयारी परक्या हातांची. घरी मावशी आली, काका आले, की त्यांना सांगा, “मनीला जरा उचला, कान बघा, ओठ वर करून दात बघा.” परीक्षक आणि डॉक्टर हेच करणार आहेत. घरच्या चार माणसांखेरीज कुणी हात न लावलेलं मांजर प्रदर्शनात बावरून जातं, मग ते कितीही सुंदर असो.

तिसरी तयारी अंगाची. रोज पाच मिनिटं केस विंचरायचे. लांब केसांचं मांजर असेल तर जास्त वेळ, कारण काखेत आणि पोटाखाली गाठी होतात. कान बाहेरच्या बाहेर ओल्या कापसाने पुसायचे, आत काडी घालायची नाही. नखांची फक्त टोकं कापायची. उजेडात धरलं तर नखात एक गुलाबी रेघ दिसते. ती रक्तवाहिनी असते, तिला धक्का लागता कामा नये. म्हणून हे काम आईबाबांना किंवा डॉक्टरांना करू द्या. पिसवा असतील तर औषध वेळेवर, डॉक्टरांना विचारूनच. कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका. कुत्र्यांच्या काही औषधांनी मांजर मरूसुद्धा शकतं.

आणि आंघोळ? गंमत ऐका. आखूड केसांच्या मांजरासाठी इंग्लंडात एक जुनी रीत आहे, कोंड्याची आंघोळ! गव्हाचा कोंडा किंचित कोमट करायचा, हाताला सोसेल एवढाच. तो मांजराच्या अंगावर चोळायचा आणि मग ब्रशने सगळा झटकून काढायचा. कोंड्याबरोबर तेलकटपणा आणि धूळ निघून जाते. पाण्याचा थेंबही नाही! लांब केसांच्या मांजराला पाण्याची आंघोळ घालतात, पण काही दिवस आधी, म्हणजे केस पुन्हा नीट बसतात. काहीजण पावडर लावतात. मात्र प्रदर्शनात ती केसांत सापडली तर मांजर बाद होऊ शकतं.

आता सामान. पांढरी चादर, पांढरं पाण्याचं भांडं, पांढरा मातीचा ट्रे. सगळं पांढरं, कोरं, काही नक्षी नाही. असं का? तुमची दहावीची परीक्षा आठवा (किंवा पुढे येणार आहे तिची कल्पना करा). पेपरावर नाव लिहायचं नसतं, फक्त बैठक क्रमांक. अगदी तसंच! पिंजऱ्यावर फक्त क्रमांक असतो. मांजर कुणाचं हे परीक्षकाला कळू नये, म्हणून निळी उशी नाही, आवडतं खेळणं नाही, नावाचा पट्टा नाही. ‘ते माझं मांजर’ म्हणायचं नाही ते याचसाठी. परीक्षण झाल्यावर खेळणी, खाऊ सगळं आत ठेवता येतं.

प्रदर्शनाच्या सकाळी दारातच तपासणी असते. डोळ्यांतून पाणी, कानात घाण, अंगावर एखादी पिसू किंवा शिंक, काहीही संशयास्पद आढळलं की मांजर आत जात नाही. वाईट वाटतं खरं, पण एका आजारी मांजरामुळे शंभर आजारी पडू शकतात.

मग परीक्षण. पांढरा कोट घातलेले परीक्षक आणि त्यांचे मदतनीस एक छोटं ढकलतं टेबल घेऊन पिंजऱ्यापिंजऱ्याशी जातात. मदतनीस मांजराला बाहेर काढतात, परीक्षक त्याच्याशी दोन शब्द बोलतात, डोळे बघतात, कान बघतात, पाठीवरून शेपटीपर्यंत हात फिरवतात, वहीत लिहितात. पुढच्या मांजराला हात लावण्याआधी हात जंतुनाशकाने स्वच्छ करायचे. मालकांनी या वेळी लांब राहायचं. निकालाचे कागद फळ्यावर लागले की तिथे जी गर्दी होते, ती बघून आपल्या शाळेच्या निकालाची आठवण येते! जिंकलेल्यांच्या पिंजऱ्याला रेशमी फितीचं फूल लावतात. त्याला रोझेट म्हणतात.

सगळीकडे अशीच पद्धत असते असं मात्र नाही. अमेरिकेत आणि युरोपात पुष्कळ ठिकाणी मालक स्वतः मांजर उचलून परीक्षकाच्या टेबलाशी नेतात. सगळ्यांसमोर परीक्षण होतं आणि परीक्षक काय वाटलं ते मोठ्याने सांगतात. तिथे पिंजरे पडदे-झालरी लावून सजवतात. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये 1895 साली मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा पहिला मान मिळवला ‘कोझी’ नावाच्या मेन कून मांजराने. आपल्याकडेही ‘फेलाइन क्लब ऑफ इंडिया’ या संस्थेने मुंबई, पुणे अशा शहरांत प्रदर्शनं भरवली आहेत. आणि आपल्या गल्लीबोळांत हिंडणाऱ्या देशी मांजराला ‘इंडिमाऊ’ या नावाने ‘वर्ल्ड कॅट फेडरेशन’ या संस्थेची मान्यताही मिळाली आहे. बघा, पावसात भिजत आलेल्या मनीचा थाट!

आता त्या रानमांजराकडे वळू. त्याला प्रदर्शनात यायचं नव्हतं, आणि त्याने ते स्वच्छ सांगितलं. तुमची मनीही सांगते, फक्त जरा हळू आवाजात. कान डोक्याला चिकटले, अंग आक्रसून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसली, बुबुळं मोठी झाली, पाण्याला तोंड लावलं नाही, याचा अर्थ “मला घरी न्या.” फिसकारणाऱ्या मांजराला परीक्षक बळेच बाहेर काढत नाहीत, पिंजरा लावून पुढे जातात. त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल तर मात्र ताबडतोब डॉक्टरांना दाखवायचं. एकदा असं झालं तर घरी आणखी सराव करून पुन्हा बघा. दुसऱ्यांदाही तेच झालं, तर करंडी माळ्यावर नको, खोलीतच राहू द्या, पण झोपण्यापुरती. मला विचाराल तर पुष्कळशा मांजरांना स्वयंपाकघराची खिडकी हेच सर्वांत आवडतं ठिकाण. गर्दीत मजेत बसणारी, येणाऱ्या-जाणाऱ्याला पंजा दाखवणारी मांजरं असतातच. ती तुम्हाला करंडीच्या सरावातच ओळखू येतील.

आईबाबांसाठी एक सूचना. मुलांनी मांजराला दोन महिने रोज विंचरलं, हळूहळू सवय लावली, हे काम रोझेट मिळो न मिळो झालेलंच असतं. तेव्हा निकालाच्या फळ्यापाशी चेहरा पाडून मुलांआधी तुम्हीच उभे राहू नका!

घरी परतल्यावर आधी आपले हात धुवायचे आणि कपडे बदलायचे. मनीला शांत खोलीत खाणं-पाणी देऊन सोडायचं. घरात दुसरं मांजर असेल, तर त्या रात्री दोघांना वेगवेगळं ठेवा. मनीच्या अंगाला साऱ्या हॉलचा वास लागलेला असतो. सकाळी एकत्र खेळणारा बोका संध्याकाळी तिलाच ओळखत नाही आणि फिसकारतो. तिने अंग चाटून स्वच्छ केलं, एक झोप काढली, की दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा एकाच बशीतून दूध प्यायला येतात.